नॉर्डिक कल्याणव्यवस्था आणि शाश्वतता: मास्टर्सला काय वाचायचं, कुठे घसरायला होतं

उत्तरवारा (धागाकर्ता)

अर्जांचे दिवस आले की तेच चार प्रश्न चार धाग्यांवर विखुरतात, म्हणून सगळं एकत्र. विषय: स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड इथली समाजकल्याण धोरणं आणि शाश्वतता, मास्टर्स पातळीवर. बर्फाचे फोटो आणि 'जगातला सर्वात आनंदी देश' यासाठी दुसरे धागे आहेत.

नेमका याच नावाचा अभ्यासक्रम शोधत बसू नका. इथले कार्यक्रम दोन घराण्यांतले असतात. एक कल्याण धोरणाचं घराणं: लुंडचा 'वेल्फेअर पॉलिसीज अँड मॅनेजमेंट', ऑस्लोमेटचा 'इंटरनॅशनल सोशल वेल्फेअर अँड हेल्थ पॉलिसी'. दुसरं पर्यावरणाचं: लुंडचाच लुमेस (पर्यावरण आणि शाश्वतता-विज्ञानाचा मास्टर्स), स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटरचा कार्यक्रम, हेलसिंकीचा पर्यावरणबदल आणि जागतिक शाश्वततेचा. पहिल्यात हवामान बहुधा एखाद्या ऐच्छिक विषयात उरकतात, दुसऱ्यात बेकारभत्त्याचं नावही क्वचित निघतं. सांधा तुम्हालाच जुळवायचा असतो, तोही बहुतेक प्रबंधातच. त्यामुळे अर्जाआधी कार्यक्रमाचं माहितीपत्रक वाचू नका, अभ्यासक्रमाची वाचनयादी वाचा. ती विद्यापीठांच्या संकेतस्थळावर उघडी असते आणि तिच्यात थापा मारता येत नाहीत.

दुसरं, शब्द. मराठीत 'कल्याणकारी योजना' म्हटलं की पाठोपाठ 'लाभार्थी' येतोच. स्वीडिश माणूस 'कल्याण' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शाळा, दवाखाना, पाळणाघर आणि म्हाताऱ्यांची देखभाल असते. तिथे पात्रांची यादी लागत नाही, कारण पात्र सगळेच. उत्पन्न आणि शिल्लक तपासून मिळणारी शेवटच्या आधाराची मदत वेगळी. ती नगरपालिका देते, तिचा कायदा वेगळा, आणि एकूण खर्चात तिचा वाटा लहान. उद्देशपत्रात 'लाभार्थी' लिहायचा मोह झाला तर आपण नक्की यांतल्या कशाबद्दल बोलतोय ते आधी ठरवा. निम्मे अर्ज इथेच कच्चे वाटतात.

चिंचपान

वाचतेय. अर्जाच्या तारखा आणि कागदपत्रं कोणी नीट लिहील का? एकीकडे जानेवारी, दुसरीकडे नोव्हेंबर, गोंधळ होतोय. समाजकार्यातली पदवी असेल तर पुरते का, हेही.

हिशेबनीस

गोंधळ व्हायचं कारण, देशागणिक पद्धत वेगळी.

स्वीडनला देशभरासाठी एकच प्रवेश-पोर्टल आहे. शरद सत्राची मुख्य फेरी ऑक्टोबरच्या मध्याला उघडते आणि जानेवारीच्या मध्याला बंद होते. कागदपत्रं आणि ९०० क्रोनर अर्जशुल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. ९०० एकदाच, एकाच अर्जात चार कार्यक्रम भरता येतात. आता नीट ऐका: चारांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या पसंतीला प्रवेश मिळाला की खालच्या तिन्ही आपोआप रद्द होतात. 'आधी सगळीकडून होकार येऊ देत, मग ठरवू' हे इथे चालत नाही. खरी पसंती वर टाका, सोपा वाटतो तो कार्यक्रम नव्हे.

नॉर्वेत युरोपबाहेरच्यांची मुदत आधी संपते, बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरातच. आणि तिथे २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्यांना शुल्क लागू झालं, म्हणून 'नॉर्वेत शिक्षण फुकट' सांगणारे जुने लेख बाजूला ठेवा. फिनलंडला अर्ज डिसेंबर-जानेवारीत, आणि २०२५ च्या प्रवेशांपासून युरोपबाहेरच्यांना १०० युरो अर्जशुल्क.

पात्रतेत तीन जागी अडतं. एक, 'सामाजिक शास्त्रांतले अमुक इतके क्रेडिट' ही अट. समाजकार्य, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र सहसा चालतं. अभियांत्रिकीवाल्यांची अडचण होते, पर्यावरणाच्या घराण्यात मात्र त्यांना जागा असते. दोन, आपली तीन वर्षांची पदवी सगळीकडे पूर्ण पदवी धरली जात नाही. प्रत्येक देशाची देशवार यादी असते, तिच्यात 'भारत' उघडून वाचा, एजंटाला विचारू नका. तीन, शेवटच्या वर्षात असाल तर पदवी कधी मिळणार याचं पत्र लागतं. प्राचार्यांच्या सहीवर विसंबू नका, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा सही-शिक्का घ्या. हे पत्र मिळायला आपल्याकडे किती दिवस लागतात ते सांगायला नको. दिवाळीनंतर लगेच मागे लागा.

इंग्रजीसाठी स्वीडनची नेहमीची अट आयेल्ट्समध्ये एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ५.५ च्या खाली नाही.

चिंचपान

आभार! क्रमाचं माहीतच नव्हतं.

बोरूबहाद्दर

पैशांचं एक जोडतो. शिक्षणशुल्काचा पहिला हप्ता भरल्याशिवाय स्वीडनच्या निवास परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. आणि राहण्याखाण्याचे पैसे स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात. २०२५ साठी ती रक्कम महिन्याला १०,५८४ क्रोनर होती, दरवर्षी बदलते. वडिलांच्या मुदत ठेवीची पावती जोडून भागत नाही. एप्रिलमध्ये प्रवेश कळतो, ऑगस्टअखेर सत्र सुरू होतं, म्हणजे मध्ये चारच महिने. पैसे फिरवाफिरवीला मे उजाडला तर धावपळ ठरलेली.

तळटीप_तात्या

अर्ज झाले, आता अभ्यासाचं बोलू.

स्वीडनमध्ये वर्षाला ६० क्रेडिट, ४० आठवडे, म्हणजे आठवड्याला दीड क्रेडिट आणि त्यासाठी ४० तासांचं काम गृहीत. साडेसात क्रेडिटचा विषय बरोबर पाच आठवड्यांत संपतो. बऱ्याच कार्यक्रमांत एका वेळी एकच विषय असतो, तो संपला की दुसरा. आपल्याकडून गेलेल्यांची फसगत इथे होते. आठवड्याला वर्ग दोन किंवा तीन, म्हणून पहिले दोन आठवडे 'मोकळा वेळ आहे' असं वाटतं. तो मोकळा वेळ वाचनाचा असतो. तिसऱ्या आठवड्यात चर्चासत्र, पाचव्यात घरी लिहायची परीक्षा, आणि त्यात 'वर्णन करा' असा प्रश्न नसतोच. 'अमुक दोन सिद्धांतांतून तमुक सुधारणा समजावून द्या आणि कुठला अपुरा पडतो ते सांगा' अशा धर्तीचा असतो. पाठ करून काही निघत नाही.

प्रबंध ३० क्रेडिटचा. शेवटी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर तुम्हाला 'विरोधक' म्हणून बसावं लागतं आणि तुमच्यावर कोणीतरी बसतो. गुळमुळीत कौतुक केलंत तर ते तुमच्याच खात्यात उणं जमा होतं.

उत्तरवारा

सिद्धांताचं मी सुरू करतो, तात्या पुढे दुरुस्त करतीलच.

पहिल्या आठवड्यात डॅनिश समाजशास्त्रज्ञ यस्टा एस्पिंग-आँडरसन यांची १९९० ची वर्गवारी येणार: उदारमतवादी, पुराणमतवादी आणि सामाजिक लोकशाहीवादी व्यवस्था. कसोटी अशी की बाजारात आपलं श्रम न विकताही माणसाला किती बरं जगता येतं. दुसऱ्या आठवड्यात स्त्रीवादी टीका: जी बाई मुळात पगारी बाजारात नाहीच, तिला 'बाजारापासून मुक्ती' मोजून काय मिळणार? तिच्यासाठी प्रश्न नवऱ्याच्या पगारावर न विसंबता घर चालवता येतं का, हा आहे. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोची वेगवेगळी करआकारणी सुरू केली आणि १९७४ मध्ये मातृत्व रजेची पालकत्व रजा केली. हे दोन निर्णय शेजारी ठेवल्याशिवाय ती टीका कळत नाही.

तिसरा खांब १९९८ चा, वॉल्टर कॉर्पी आणि योआकिम पाल्मे यांचा 'पुनर्वितरणाचा विरोधाभास': मदत जितकी फक्त गरिबांपुरती आवळाल तितकी विषमता कमी होण्याची शक्यता घटते, कारण मध्यमवर्ग कर भरायला नाखूश होतो आणि एकूण निधीच आटतो. पुढच्या काळात जास्त देशांच्या आकडेवारीवर हा संबंध बराच सैल झालेला दिसतो. निबंधात नुसतं १९९८ लिहून थांबलात तर परीक्षक समासात प्रश्नचिन्ह काढतो.

तळटीप_तात्या

दुरुस्ती नाही, भर. एस्पिंग-आँडरसन यांचा निर्देशांक १८ देशांच्या १९८० च्या आकड्यांवर उभा आहे. २००६ मध्ये स्क्रग्ज आणि अ‍ॅलन यांनी तीच आकडेमोड पुन्हा केली तेव्हा काही देशांच्या जागा हलल्या. ती वर्गवारी आजच्या स्वीडनला जशीच्या तशी चिकटवणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर नवी इमारत शोधणं. १९९२ च्या शाळा-व्हाउचरनंतर नफ्यावर चालणाऱ्या शाळांना सरकारी पैसा देणारा स्वीडन त्या चौकटीत सहज बसत नाही.

काळीमाती

एक मुद्दा सगळेच गाळतात. हे मॉडेल एकट्या कामगार पक्षांनी उभारलं नाही, ते शेतकऱ्यांबरोबरच्या सौद्यातून आलं. डेन्मार्कमध्ये जानेवारी १९३३ चा कान्सलरगेड करार, स्वीडनमध्ये त्याच वर्षीचा सौदा, ज्याला स्वीडिशमध्ये चक्क 'गुरांचा व्यवहार' म्हणतात. नॉर्वेत १९३५, फिनलंडमध्ये १९३७ ची 'लाल माती' आघाडी. शेतकऱ्याला शेतमालाच्या भावाचा आधार, कामगाराला बेकारीतला आधार, असा व्यवहार.

याचा थेट परिणाम नियमांत दिसतो. शेतकऱ्याला पगारपत्रक नसतं, पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्याचा त्याला काय उपयोग? म्हणून पेन्शन सगळ्यांना आणि करातून असावी, असा रेटा त्याच्या बाजूने होता. 'सार्वत्रिक' हा शब्द नुसत्या उदात्ततेतून आलेला नाही, हिशेबातून आलाय.

चष्मिश

सहमत, पण 'नॉर्डिक' म्हणून पाचांना एका पोत्यात घालू नका. बेकारी विमाच बघा. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये तो कामगार संघटनांशी जोडलेल्या निधींतून चालतो, सभासदत्व ऐच्छिक, याला घेंट पद्धत म्हणतात. नॉर्वेत तो सरकारी आणि सक्तीचा. संघटनांची सभासदसंख्या नॉर्वेत इतर तिघांपेक्षा कमी राहिली त्याच्या कारणांत हे धरतात. प्रशासनातही फरक: फिनलंडने १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य आणि समाजसेवा नगरपालिकांकडून काढून २१ कल्याण-परगण्यांकडे दिल्या, हेलसिंकी शहर वेगळं. स्वीडनमध्ये मात्र आरोग्य २१ प्रांतांकडे आणि वृद्धांची देखभाल २९० नगरपालिकांकडे, तेही १९९२ च्या सुधारणेपासून. जुना फिनिश लेख वाचून 'नगरपालिका दवाखाने चालवते' लिहिलंत की गेलं.

अवांतर: स्वीडनच्या बेकारी विम्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून कामाच्या तासांऐवजी उत्पन्नाची अट आलीय. त्याआधीच्या लेखांतली पात्रता आता इतिहासात जमा.

गोगलगाय

मला एक सांगा, या सगळ्यातून प्रबंधाचा विषय कसा काढायचा? 'नॉर्डिक कल्याणव्यवस्था आणि शाश्वत विकास' असं कच्चं शीर्षक तयार आहे.

हिशेबनीस

ते शीर्षक नव्हे, ग्रंथालयाचं कपाट आहे.

देश धरू नका, एक नियम धरा आणि तो तळापर्यंत खणा. नमुना म्हणून स्वीडनची पालकत्व रजा घेऊ. सगळीकडे लिहिलेलं असतं: '४८० दिवस, ८० टक्के पगार'. आता तपासा.

४८० पैकी ३९० दिवस उत्पन्नावर आधारित, उरलेले ९० दिवस सपाट १८० क्रोनर रोज. म्हणजे ८० टक्के ४८० दिवस नाहीतच. ३९० पैकी ९०-९० दिवस एकेका पालकासाठी राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत.

आता टक्का. वार्षिक उत्पन्नाला आधी ०.९७ ने गुणतात, मग त्याचे ८० टक्के. प्रत्यक्षात होतात ७७.६ टक्के. महिना ३०,००० क्रोनरवाल्याचे वर्षाचे ३,६०,०००. गुणिले ०.७७६, भागिले ३६५, रोज सुमारे ७६५ क्रोनर. तीस दिवसांचे जवळपास २२,९६०, बाळबोध ८० टक्क्यांनी २४,००० आले असते.

आणि वर छत आहे. उत्पन्न 'किंमत आधार रकमे'च्या (महागाईनुसार दरवर्षी ठरणाऱ्या सरकारी रकमेच्या) दहापटीपर्यंतच मोजतात. २०२५ ची ती रक्कम ५८,८००, म्हणजे छत ५,८८,०००. त्यावरून रोजचे जास्तीत जास्त १,२५०. महिना ६०,००० मिळवणाऱ्याला तीस दिवसांचे ३७,५०० मिळतात, म्हणजे ६२.५ टक्के. उरलेल्या फटीचा काही भाग बऱ्याच ठिकाणी मालक भरतो, सामूहिक करारानुसार, म्हणजे मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारानुसार.

आता विषय आपोआप समोर येतो: छताच्या वरच्या माणसाचा हक्क कायद्यात किती आणि करारात किती? ज्याच्या नोकरीला करारच नाही त्याचं काय? बाप राखीव दिवस पूर्ण घेतो का, आणि छत आड येतं का? यातला एक प्रश्न, एक काळ, एक आकडेवारी. साठ पानं भरून उरतात.

गोगलगाय

हे ०.९७ कुठून आलं?

हिशेबनीस

काटकसरीतून. भरपाई कमी करायची, पण '८० टक्के' हे शब्द हलवायचे नाहीत, म्हणून आधाररकमेलाच कात्री. राजकीयदृष्ट्या दिसत नाही अशी कपात हा स्वतःच प्रबंधाचा विषय आहे. टक्का तोच, छत महागाईशी बांधलेलं, पगार त्याहून वेगाने वाढतात, आणि दरवर्षी काही माणसं न बोलता छताबाहेर जातात. कायदा एका अक्षरानेही बदलत नाही.

बोरूबहाद्दर

हे सगळं मिळतं कुठे, तर कायद्याच्या वाटेवर. स्वीडनमध्ये ती वाट ठरलेली आहे. सरकार चौकशी समितीला निर्देश देतं. समितीचा अहवाल 'एसओयू' मालिकेत वर्ष आणि क्रमांकाने निघतो. मग तो 'रेमिस'ला जातो, म्हणजे नगरपालिका, संघटना, विद्यापीठं लेखी मतं देतात. मग कायदा परिषद, सरकारचं विधेयक, संसदीय समितीचा अहवाल, मतदान, आणि शेवटी कायदासंग्रहात क्रमांक. सामाजिक विमा संहिता २०१०:११०, नवा समाजसेवा कायदा २०२५:४०० असे.

सगळ्यात रसाळ माल रेमिसच्या उत्तरांत असतो. विधेयकात सगळं गुळगुळीत, रेमिसमध्ये मात्र एखादी छोटी नगरपालिका स्पष्ट लिहिते की हे राबवायला आमच्याकडे माणसं नाहीत. स्वीडिश येत नसेल तरी बहुतेक एसओयूमध्ये इंग्रजी सारांश असतो. पण तो दहा-वीस पानांचा, अहवाल पाच-सातशे पानांचा, आणि मतभेदाच्या टिपा शेवटी फक्त स्वीडिशमध्ये. यंत्रभाषांतर चालतं, शब्दसूची मात्र स्वतः करा. 'बिद्राग' म्हणजे अनुदान आणि 'एरसेत्निंग' म्हणजे भरपाई. यंत्र दोन्हीला 'बेनिफिट' करतं आणि तुमचा मुख्य मुद्दाच पुसला जातो.

चष्मिश

आकडेवारीचे सापळेही लिहून ठेवतो.

गरिबीरेषा: युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे बरोबर मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या, ६० टक्क्यांवर रेष ओढतं, लक्झेंबर्ग उत्पन्न अभ्यासाचे आकडे वापरणारे बऱ्याचदा ५० टक्क्यांवर. कुटुंबाचं उत्पन्न ज्याने भागतात तो भाजकही वेगळा. युरोस्टॅट पहिल्या प्रौढाला १, दुसऱ्याला ०.५, लहान मुलाला ०.३ धरतं, म्हणजे चौघांचं कुटुंब २.१. दुसरीकडे वर्गमूळ घेतात, म्हणजे २. दोन तक्ते शेजारी लावून 'गरिबी निम्मी झाली' लिहिणारे दरवर्षी निघतात.

सामाजिक खर्च: सकल आकडा बघून नॉर्डिक देश उदार आणि अमेरिका कंजूष असं चित्र दिसतं. पण नॉर्डिक देश भत्त्यांवर कर लावतात, दिलेले काही परत घेतात. अमेरिकेत करसवलती आणि खासगी आरोग्यविमा मोठा. ओईसीडीचा (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा) निव्वळ एकूण खर्च काढला की अमेरिका एकदम वरच्या रांगेत. म्हणून खर्च किती यापेक्षा तो कोणाच्या खिशातून कोणत्या नियमाने जातो ते विचारा.

मिळवायचं कुठून: भत्त्यांच्या नियमांसाठी स्टॉकहोम विद्यापीठाचा स्पिन हा खुला आकडेसंच. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलँडच्या सांख्यिकी खात्यांचे तक्ते एकाच धाटणीच्या सॉफ्टवेअरवर चालतात, एक शिकलात की बाकीचे येतात. व्यक्तिगत नोंदवह्यांची (एकेका माणसाच्या सरकारी नोंदींची) स्वप्नं मास्टर्सला पाहू नका. परवानगी आणि शुल्क यातच सत्र निघून जातं.

काळीमाती

'शाश्वतता' अजून आलीच नाही या धाग्यात!

उत्तरवारा

येतेय. सोपा समज असा की ज्यांनी समाज सांभाळला ते निसर्गही सांभाळतील. कागदावर पुरावेही आहेत: कार्बन कर फिनलंडने १९९० मध्ये जगात पहिला लावला, स्वीडन आणि नॉर्वेने १९९१ मध्ये, डेन्मार्कने १९९२ मध्ये. डेन्मार्कच्या २०२० च्या हवामान कायद्यात १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ७० टक्के घट. स्वीडनचं निव्वळ शून्य २०४५, फिनलंडचं कार्बन-तटस्थ २०३५.

पण लुंडचे माक्स कॉख आणि त्यांचे सहलेखक मार्टिन फ्रिट्झ यांनी २०१४ मध्ये तपासलं तेव्हा सामाजिक लोकशाहीवादी देश पर्यावरणातही आपोआप पुढे असतात असं निघालं नाही. एक कारण मोजणीत आहे. ही उद्दिष्टं देशाच्या हद्दीतल्या उत्सर्जनाची. स्वीडनच्या उपभोगामुळे होणारं निम्म्याहून जास्त उत्सर्जन परदेशात पडतं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वपक्षीय समितीने उपभोगाधारित उत्सर्जनासाठीही राष्ट्रीय उद्दिष्ट ठेवावं असं सुचवलं. तो अहवाल एसओयू २०२२:१५, वरची कायद्याची वाट त्याच्यावर चालून बघा.

दुसरं कारण खोल. शाळा, दवाखाने, पेन्शन करावर चालतात, कर रोजगारावर आणि रोजगार वाढीवर. वाढ थांबवली तर पाळणाघराचे पैसे कुठून? 'शाश्वत कल्याण' नावाने चालणारं संशोधन याच गाठीभोवती फिरतं. नॉर्वेत तर पेच उघडाच आहे: तेलाचा पैसा निधीत, आणि २००१ च्या नियमाने त्या निधीचा अपेक्षित परतावा तेवढाच अंदाजपत्रकात, आधी ४ टक्के, २०१७ पासून ३. पुढच्या पिढीशी वागणुकीचा याहून शिस्तबद्ध नमुना सापडणार नाही, आणि तो उभा आहे जाळायच्या इंधनावर.

तळटीप_तात्या

आणि फोसेन विसरू नका. मध्य नॉर्वेत पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअरच्या हिवाळी चराऊ रानांत. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टोरहेइया आणि रोआन इथले परवाने अवैध ठरवले, आधार नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २७. १५१ चक्क्या मात्र फिरतच राहिल्या. २०२३ च्या सुरुवातीला सामी तरुण ऑस्लोत मंत्रालयात ठाण मांडून बसले, समझोते झाले ते डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये.

हरित ऊर्जा, हक्क मान्य करणारं न्यायालय आणि तरीही दोन वर्षं न हलणारं शासन, तिन्ही एकाच प्रकरणात. चर्चासत्रात बाजू घेऊन बोलायची घाई करू नका. आधी निकालपत्राचा इंग्रजी अनुवाद वाचा, मोठा नाही.

चिंचपान

महाराष्ट्राशी तुलना केली तर चालते का? की 'आमच्याकडे असं, तुमच्याकडे तसं' होतं?

काळीमाती

एकाच यंत्रणेचा एकच भाग धरला तर चालते. रोजगार हमीचा निधी बघा. पगारपत्रकावर कापला जाणारा व्यवसाय कर, महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, तो १९७५ च्या कायद्याने आला, रोहयोला पैसा उभा करण्यासाठी. शहरी पगारदाराने ग्रामीण मजुराच्या हक्काचा खर्च उचलायचा. वर लिहिलेल्या १९३३ च्या सौद्याशेजारी हे ठेवा: तिथे दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं, इथे पैसे देणाऱ्याला काय मिळालं? कॉर्पी-पाल्मे तपासायला याहून चांगलं उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

दुसरं, १९६९ चा माथाडी कायदा. मालक-कामगार-सरकार असं मंडळ, मजुरीवर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान. घेंटशी तुलना करायचा मोह होतो. पण तिथे निधी संघटनांशी जोडलेला आणि ऐच्छिक, इथे मंडळ कायद्याने बांधलेलं. हा फरक पहिल्याच पानावर लिहिला तर तुलना टिकते.

चष्मिश

तिसरा विषय पुण्याच्या आयटीवाल्यांचा. भारताचे चार नॉर्डिक देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. तात्पुरता पाठवलेला कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचं संरक्षण प्रमाणपत्र दाखवून भारतातच वर्गणी भरत राहू शकतो. म्हणजे 'सार्वत्रिक' व्यवस्थेत राहून तिच्या एका भागाच्या बाहेर. कोण कुठे आत, कोण बाहेर, हे कलमनिहाय मांडलं तरी प्रकरण तयार.

गोगलगाय

मुलाखती घ्यायच्या असतील तर परवानगी लागते का?

बोरूबहाद्दर

नॉर्वेत व्यक्तिगत माहिती गोळा करणार असाल तर सिक्त या संस्थेकडे सूचना-अर्ज भरावा लागतो, माहिती गोळा करायला लागण्याच्या किमान ३० दिवस आधी. सोबत प्रश्नावली आणि संमतिपत्रकाचा मसुदा. मसुद्यात माहिती कधी खोडणार ती तारीख नसली की अर्ज परत येतो आणि पुन्हा वाट बघणं आलं. मार्चमध्ये मुलाखती हव्यात तर जानेवारीत अर्ज.

स्वीडनमध्ये पदवी आणि मास्टर्सचं काम संशोधन-नीतिमत्ता कायद्याच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तो अर्ज नसतो. युरोपचा विदासंरक्षण नियम (जीडीपीआर) तरीही लागू, त्यासाठी विद्यापीठाचा अंतर्गत अर्ज विचारा. ध्वनिमुद्रण स्वतःच्या फोनवर आणि तिथून कुठल्यातरी फुकट मेघसाठ्यात (क्लाउडवर), हे करू नका. विद्यापीठाची सुरक्षित जागा मिळते. ती मागायला मार्गदर्शकाची सही लागते आणि मार्गदर्शक जुलैभर सुट्टीवर असतो.

गोगलगाय

शीर्षक बदललं: 'पालकत्व भरपाईचे छत आणि सामूहिक करार: स्वीडनमधील दोन नगरपालिकांतील देखभाल-कर्मचारी'. कसं वाटतं?

हिशेबनीस

जवळ आलात. पण देखभाल-कर्मचाऱ्यांचे पगार बहुतेक छताच्या खालीच असतात, त्यांना छत लागणारच नाही. एकतर व्यवसाय बदला, नाहीतर छताऐवजी ते ९० सपाट दिवस धरा. १८० क्रोनर रोजावर कोण रजा घेऊ शकतं, हा प्रश्न त्यांच्याबाबतीत खरा आहे.